वरच्या मजल्याचा स्लॅब तापतो: थर्माकोल, ग्लासवूल की स्प्रे फोम? (घरात श्वासाच्या आजाराचा पेशंट आहे)

धरमपेठी | १४ एप्रिल, रात्री १०.५०

आईबाबा नागपूरला चौथ्या मजल्यावर राहतात, वर थेट गच्ची. पारा ४४-४५ला टेकला की दिवसभर तापलेला स्लॅब रात्री एक-दीडपर्यंत खाली आग ओकत राहतो. पंखा लावला तर तीच आग अंगावर येते. हॉलमध्ये कूलर आहे, बेडरूममध्ये बसवायला जागा नाही.

तिघांना बोलावून झालं. पहिला म्हणाला, पीओपीची सीलिंग आहेच, ती दोन ठिकाणी उघडून आत दोन इंची थर्माकोल सारू, एका दिवसाचं काम. दुसरा म्हणाला ग्लासवूल, म्हणजे काचेच्या बारीक तंतूंची गादी. तिसऱ्याने घर न बघताच फोनवर स्प्रे फोमचा (फवारला की फुगून घट्ट बसतो तो) भाव सांगितला.

बाबांना सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार) आहे, दिवाळीच्या फटाक्यांतही त्यांना काकांकडे खेड्यात नेऊन ठेवावं लागतं. आणि आईने कुठलासा फॉरवर्ड वाचलाय की ग्लासवूल म्हणजे काचेचं अ‍ॅस्बेस्टॉस (सिमेंटच्या पत्र्यात घालतात ते तंतूंचं खनिज), फुफ्फुसात गेलं की कॅन्सर ठरलेला. तेव्हा किती डिग्री कमी होईल हे नंतर बघू. घरात काय आणलं तर पुढे पस्तावायची वेळ येणार नाही, हे आधी सांगा.

वऱ्हाडी_ठेचा | १४ एप्रिल, रात्री ११.१५

अबे भाऊ, तीन-तीन लोकं कायले बोलावले? गच्चीवर चुना मार ना. कळीचा चुना, त्यात थोडा डिंक, दोन हात. आम्ही दरसाल अक्षय तृतीयेच्या आधी मारतो. खर्च सांगतला त हसशील. हे फोमबिम पुण्यावाल्यायचे चोचले आहेत.

कोबावाली | १५ एप्रिल, सकाळी ८.०५

पेशाने आर्किटेक्ट, म्हणून लांबण लावते आहे.

चुन्याला हसणार नाही. पांढरं छत ऊन आत येण्याआधीच परत पाठवतं आणि त्यात घरात भरण्यासारखं काही नसतं. तेलंगणाने तर २०२३ मध्ये त्यासाठी वेगळं धोरणच आणलं. दोन पावसाळ्यांत धुऊन जातो, एवढंच. पण ठेचाभाऊ, एक लिहायचं राहिलं. कळीचा चुना भिजवताना पिंपातलं पाणी खळखळून उकळतं. माझ्या एका साइटवर पोरगं वाकून बघत होतं, शिंतोडा डोळ्यात गेला. डोळा वाचला, नजर पहिल्यासारखी राहिली नाही. पिंपाजवळ चष्म्याशिवाय उभं राहायचं नाही, आणि उडालाच तर दवाखान्यात पळायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं नुसत्या पाण्याने डोळा धूत राहायचं.

आता मूळ प्रश्न. धरमपेठी, तुम्ही 'काय भरू' विचारताय, मी आधी 'कुठे' विचारते. सीलिंगच्या आत, म्हणजे स्लॅबच्या खालून काहीही भरलंत तरी स्लॅब उन्हात उघडाच. उलट उष्णता खाली उतरायची वाट बंद झाल्यामुळे तो आणखी तापतो, रात्री आकसतो, भेगा पडतात. पावसाळ्यात त्या भेगांतून आलेलं पाणी तुम्हाला दिसत नाही, कारण मध्ये दोन इंचांचा थर. ओल तिथे मुरत राहते, बुरशी धरते, सळई गंजते. छातीच्या पेशंटच्या डोक्यावर बुरशीचा मळा नको असेल तर आधी गच्चीवर जा. वॉटरप्रूफिंग, त्यावर एक्सपीएसचे बोर्ड (थर्माकोलचा दाट, पाणी न पिणारा भाऊ समजा), वर कोबा आणि चायना चिप्स (चिनीमातीच्या फरशीचे तुकडे). बोर्ड काँक्रीटखाली गाडले गेले की आगीची भीतीही जवळजवळ संपते. घरांसाठीच्या 'इको निवास संहिता २०१८'ने छताच्या यू-व्हॅल्यूची (छतातून किती उष्णता आत येते त्याचं माप, कमी तितकं चांगलं) मर्यादा १.२ घातली आहे. उघडा स्लॅब तिच्या आसपासही येत नाही, दोन इंची बोर्ड घातला की सहज बसतो.

गच्चीवर वजन वाढतं, म्हणून जुनी बिल्डिंग असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय एक घमेलंसुद्धा टाकू नका.

धरमपेठी | १५ एप्रिल, सकाळी ९.३०

ताई, पटलं. पण गच्ची सगळ्यांची. सेक्रेटरी डिश अँटेना हलवायला तीन महिने घेतात. तोवर उन्हाळा संपेल, म्हणून खालचा पर्याय विचारतोय.

मोलॅरिटी | १५ एप्रिल, दुपारी १२.४०

३१ वर्षं फोम आणि इन्सुलेशनच्या कारखान्यांत काढली, आता निवृत्त. एकेक घेतो.

ग्लासवूल: आईंना सांगा, फॉरवर्ड पूर्ण खोटा नव्हता, शिळा आहे. आयएआरसी, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये ग्लासवूलला 'कदाचित कर्करोगकारक' अशा २ब गटात टाकलं होतं. २००१ मध्ये पुरावे पुन्हा तपासले आणि इमारतींत वापरायचं ग्लासवूल, रॉकवूल, स्लॅगवूल तिथून काढून गट ३ मध्ये नेलं, म्हणजे माणसाला त्याने कॅन्सर होतो असं म्हणण्याइतका पुरावा नाही. भट्ट्यांना लावतात ते सिरॅमिक फायबर मात्र २ब मध्येच राहिलं. भंगारबाजारात कोणी पांढरी घोंगडी दाखवून 'तेच आहे साहेब' म्हणाला तर घेऊ नका.

अ‍ॅस्बेस्टॉसशी फरक कुठे? अ‍ॅस्बेस्टॉसचा धागा उभा चिरत जातो, दर वेळी आणखी बारीक होतो आणि फुफ्फुसात दशकानुदशकं तसाच रुतून बसतो. काचेचा धागा आडवा मोडतो. तुकडा आखूड होतो, जाडी तीच राहते, आणि फुफ्फुसातल्या ओलाव्यात तो हळूहळू विरतो.

म्हणून निरुपद्रवी म्हणणार नाही. कापताना जे उडतं त्याने कातडी, डोळे, घसा हैराण होतात. फुल बाह्या, चष्मा, एन-९५. अंगावर बसलंच तर आधी गार पाणी, न चोळता. गरम पाण्याने आणि खाजवण्याने ते आत रुततं. माझा कारखान्यातला शर्ट एकदा घरच्या धुण्यात गेला, दोन दिवस अख्खं घर माना खाजवत होतं. बाबा त्या दिवसांत घरात नकोतच, आणि काम झाल्यावर सगळं ओल्या फडक्याने पुसून मगच परत आणा. एकदा सीलिंगवर बंद झालं की ते आपण होऊन खाली येत नाही. पण पीओपीला लाइटची भोकं असतात, पंख्याच्या रॉडभोवती फट असते. ती बुजवा. फॉइलमध्ये गुंडाळलेलं मिळतं, तेच घ्या.

स्प्रे फोम: वाळल्यावर तो निवांत असतो, अडचण फवारताना. दोन द्रव नोझलशी एकत्र येतात, त्यातला एक आयसोसायनेट नावाचं रसायन. त्याची एकदा अ‍ॅलर्जी बसली की पुढे नुसता वास आला तरी दम लागतो. माझ्या लाइनवरचा एक सहकारी चाळिशीत असा बसला. मास्क 'गरम होतो' म्हणून गळ्यात अडकवून ठेवायचा. पुढे कँटीनमध्ये शेजारी कोणी त्या ड्रमजवळून आलेला बसला तरी त्याला इनहेलर काढावा लागे. शेवटी नोकरी सोडली, गावी चक्की टाकली, तर पिठाचीही अ‍ॅलर्जी निघाली. सीओपीडी असलेल्या घरात, माणसं आत असताना, हे काम मी करू देणार नाही.

वऱ्हाडी_ठेचा | १५ एप्रिल, दुपारी १.०५

आयसोसायनेट? भोपाळवाला? हे लोकं घरात फवारून राह्यले?

मोलॅरिटी | १५ एप्रिल, दुपारी १.३०

आडनाव एक, माणूस वेगळा. १९८४ मध्ये भोपाळला सुटला तो मिथिल आयसोसायनेट, चाळीस अंशांखालीच उकळणारा. फोममध्ये असतो तो एमडीआय, त्याच कुळातला पण जड, सहसा वाफ न होणारा. पण फवारला की तुषार होतोच आणि तुषार नाकात जातोच. भोपाळशी तुलना नको, मास्कशिवाय जवळही नको.

एडिसनकर | १६ एप्रिल, सकाळी ६.१०

फोम उघडा ठेवू नका, एवढी भर घालतो. २००३ मध्ये इथे अमेरिकेत, ऱ्होड आयलंडला 'द स्टेशन' नावाच्या नाइटक्लबला आग लागली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून स्टेजमागच्या भिंतींना पॉलियुरेथेन फोम चिकटवला होता, त्यावर आतषबाजीची ठिणगी पडली. १०० माणसं गेली. जळता फोम कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही सोडतो. थर्माकोल वितळून जळते थेंब गाळतो. 'एफआर' (आगरोधक) शिक्क्याचा माल उशिरा पेटतो, पेटतच नाही असं नाही.

रच्याकने, आमचं घर १९५२चं. घेताना इन्स्पेक्टर माळ्यावर गेला आणि शिडीवरूनच खाली उतरला, आत पायच टाकला नाही. जॉइस्टच्या (छताच्या लाकडी तुळया) मध्ये पोह्यांच्या चुऱ्यासारखे तपकिरी-सोनेरी चमकणारे कण भरलेले होते. व्हर्मिक्युलाइट, इन्सुलेशन म्हणून भरायचं एक खनिज. १९१९ ते १९९० या काळात अमेरिकेत विकलेल्या व्हर्मिक्युलाइटपैकी ७० टक्क्यांहून जास्त माँटानातल्या लिबी गावच्या एकाच खाणीचं, आणि त्या खाणीत त्याच्यासोबत अ‍ॅस्बेस्टॉसही निघायचं. खाणकामगार गेले, त्यांचे कपडे धुणाऱ्या बायका आजारी पडल्या. २००९ मध्ये सरकारने तिथे सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर केली. असा माळा दिसला तर ते अ‍ॅस्बेस्टॉसच धरून चालायचं आणि हलवायचं नाही, असा इथला सरकारी सल्ला. आम्ही झडप सील केली, पंख्याच्या फटी बुजवल्या आणि माळा विसरलो. दिवाळीचे कंदील गॅरेजमध्ये.

अंगणवेल | १६ एप्रिल, सकाळी ८.४५

थांबा थांबा! मी गच्चीवरच्या कुंड्यांत कोकोपीटबरोबर व्हर्मिक्युलाइट घालते, तेही हाताने कालवून!

एडिसनकर | १६ एप्रिल, सकाळी ९.००

अहो, घाबरू नका. व्हर्मिक्युलाइट म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस नव्हे, ती खाण खराब होती आणि ती १९९० मध्येच बंद झाली. धूळ कुठलीही वाईटच, ओलं करून कालवा.

गुहागरी | १६ एप्रिल, रात्री ९.२०

तुमच्या माळ्यावरचं अ‍ॅस्बेस्टॉस अमेरिकेत, आमचं डोक्यावर उघड्यावर आहे. पडवीला आणि गोठ्याला सिमेंटचा पत्रा, १९८८चा. खालून तापतो म्हणून थर्माकोल लावायचा विचार होता, तेवढ्यात हा धागा दिसला. दर मे महिन्यात गडी पत्र्यावर चढून तारेच्या ब्रशने शेवाळ घासतो. धोका आहे का?

मोलॅरिटी | १६ एप्रिल, रात्री १०.१०

आहे, आणि या धाग्यात आतापर्यंत आलेल्या सगळ्यांत मोठा आहे. पत्रा अखंड असताना तंतू सिमेंटमध्ये पकडलेले असतात, त्याच्याखाली बसून चहा प्यायला हरकत नाही. ब्रशने घासणं, ग्राइंडरने कापणं, भोक पाडणं, पडलेला पत्रा फोडणं, यातून ते सुटतात. फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर व्हायला २० ते ५० वर्षं लागतात, त्यामुळे गड्याला या मे महिन्यात काहीच जाणवणार नाही, आणि त्याच कारणाने तो ऐकणारही नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, जे उशिरा असेल तोवर, ठेवायला सांगितलं ते याचसाठी. ब्रिटनने १९९९ मध्ये, ऑस्ट्रेलियाने २००३ च्या शेवटी अ‍ॅस्बेस्टॉस बंद केलं. आपल्याकडे खाणी थांबल्या, पत्रा चालूच.

शेवाळ राहू द्या. काढायचंच तर पत्रा भिजवून मऊ झाडूने. फुटके तुकडे वाटेत भर म्हणून टाकतात कोकणात, ते तर अजिबात नको, गाडीच्या चाकाखाली त्याचं पीठ होतं.

कोबावाली | १६ एप्रिल, रात्री १०.३०

आणि कॅन्सरच्या आधी पाय मोडतो! जुना सिमेंटचा पत्रा माणसाचं वजन घेत नाही, कडकन फुटून माणूस सरळ खाली. वाश्यांवर आडव्या फळ्या टाकून त्या फळ्यांवरूनच चालायचं.

गुहागरी | १६ एप्रिल, रात्री १०.५०

मागच्या वर्षी तो गोठ्यातच पडला होता. म्हशीच्या गवतावर पडला म्हणून निभावलं. उद्या ब्रश लपवून ठेवते.

यारा_काठी | १७ एप्रिल, पहाटे ५.१५

मेलबर्नहून. इथे २००९-१० मध्ये सरकारने पैसे देऊन घरोघर छतात इन्सुलेशन भरायची योजना काढली. रातोरात ठेकेदार उगवले, ट्रेनिंगचा पत्ता नाही. चार तरुण कामगार गेले. तिघं शॉक लागून, चौथा छतातल्या उष्म्याने. चमकीच्या फॉइलला धातूच्या पिना मारताना खालच्या जिवंत वायरीत पिन घुसली की अख्खी फॉइल जिवंत होते. पुढे योजना गुंडाळली, २०१४ मध्ये रॉयल कमिशनची चौकशी झाली.

तेव्हा माल कोणताही असो, धरमपेठी, सीलिंगमध्ये माणूस चढणार असेल तर मेन स्विच खाली, नुसतं खोलीचं बटण नाही. आणि नागपूरच्या मे महिन्यात दुपारी बाराला कोणाला त्या पोकळीत घालू नका. पहाटे सहा ते नऊ.

कोबावाली | १७ एप्रिल, सकाळी ७.५०

वायरीचा विषय निघालाच आहे तर: सीलिंगमधल्या वायरी कंड्यूटमध्ये (वायरीच्या नळीत) आहेत की तशाच लोळताहेत? दोन कारणं. सगळीकडून गुरफटलेल्या वायरीची उष्णता बाहेर जात नाही, तिची क्षमता निम्म्यापर्यंत कमी धरावी लागते, आणि तुम्ही त्यावर पुढे एसी चालवणार. दुसरं, थर्माकोल आणि पीव्हीसीचं आपसात पटत नाही. वायरीच्या पीव्हीसीला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य असतं, ते थर्माकोल शोषून घेतो. वायर कडक होते, थर्माकोल खचतो. नवीन काही भरायच्या आधी एकदा टॉर्च घेऊन बघा.

धरमपेठी | २७ एप्रिल, रात्री ११.३०

बघितलं.

बाबांना आठवडाभर ताईकडे अमरावतीला पाठवलं. वायरमनला सकाळी साडेसहाला बोलावलं, मेन बंद, बेडरूमच्या कोपऱ्यातला चौकोन कापला. नवीन थर्माकोल कुठला, आत आधीपासूनच होता! आधीच्या मालकाने टीव्ही-फ्रीजच्या खोक्यांतले तुकडे भरून ठेवलेले, एकावर 'वरची बाजू'चा बाण अजून स्पष्ट. वायरी तशाच त्यावर टाकलेल्या. वायरमनने एक तुकडा उचलला तर वायर बरोबर वर आली. थर्माकोलमध्ये तिने आपल्यापुरती खाच खाल्ली होती, हात लावला तर आतून चिकट, सायकलच्या पंक्चरच्या सोल्यूशनसारखं. वायर वाकवली तर वरचं आवरण काडीसारखं तडकलं. खाली तांबं. डाउनलाइटच्या वरचा तुकडा तपकिरी पडून वाटीसारखा खोलगट झाला होता, त्याच्या बरोबर खाली आईची उशी असते.

आणखी आत टॉर्च मारला तर स्लॅबला ओलीचा नकाशा, एके ठिकाणी सळई दिसतेय. कोबावालीताई, तुम्ही म्हणालात ते सगळं एका चौकोनात सापडलं.

तो चौकोन मोबाइलवर शूट केला आणि रविवारी सेक्रेटरींना दाखवला. अँटेनाला तीन महिने लावणाऱ्या माणसाने तिथल्या तिथे मीटिंग लावली. त्यांचा फ्लॅट शेजारचाच, सीलिंग त्याच माणसाने केलेली.

वऱ्हाडी_ठेचा | २८ एप्रिल, सकाळी ७.००

आता आलं ना ध्यानात. सेक्रेटरीच्या बुडाखाली आग लागल्याशिवाय फाइल हालत नाही.

मोलॅरिटी | २८ एप्रिल, सकाळी ९.१५

वायरी पूर्ण बदला, जोड देऊ नका. आणि बाबांना ते सगळं उपसून, पुसून होईपर्यंत आणू नका. जुन्या सीलिंगची धूळ कुठल्याही ग्लासवूलपेक्षा वाईट: पारव्यांची घाण, झुरळं, पीओपीचं पीठ.

धरमपेठी | ९ जून, रात्री १०.००

उशिरा लिहितोय, पण लिहायचं कबूल केलं होतं.

इंजिनिअरने गच्ची बघून होकार दिला. सळई साफ करून दुरुस्ती, वॉटरप्रूफिंग, दोन इंची एक्सपीएस, वर कोबा, पांढऱ्या चायना चिप्स. अर्ध्या गच्चीचा खर्च आम्ही दोन घरांनी, उरलेल्याचा असोसिएशनने. एक्सपीएसच्या विक्रेत्याला मोलॅरिटीकाकांनी व्यनितून (खासगी निरोपातून) सांगितलेला प्रश्न विचारला, 'यात एचबीसीडी आहे का?' २०१३ मध्ये स्टॉकहोम करारात (घातक, टिकून राहणाऱ्या रसायनांना आळा घालणारा आंतरराष्ट्रीय करार) घातलेलं आगरोधक रसायन आहे ते. तो पाच मिनिटं गप्प झाला, मग कंपनीला फोन लावून 'नाही' असं लेखी आणून दिलं. खाली नवीन सीलिंग घातलीच नाही. स्लॅबला नुसता रंग, वायरी कंड्यूटमध्ये. ग्लासवूलचा प्रश्न असा आपोआप मिटला, आई अजूनही तो फॉरवर्डच जिंकला असं मानते.

मे महिन्याचे शेवटचे दिवस मिळाले तपासायला. रात्री अकराला बेडरूम आणि बाहेरची बाल्कनी आता साधारण सारखीच वाटते. गार म्हणणार नाही, नागपूर आहे. बाबा परत आले, पहिल्या रात्री वर बघून म्हणाले, 'छत उंच झालं काय रे?'

आता एकच राहिलंय. उपसलेल्या थर्माकोलची चार पोती बाल्कनीत आहेत. भंगारवाला घेत नाही. वॉचमन म्हणतो, 'द्या, मागे पेटवून टाकतो.' त्याला कसंबसं थांबवलंय.

वऱ्हाडी_ठेचा | ९ जून, रात्री १०.२०

गणपती येऊन राह्यले. मखर कर.

कोबावाली | ९ जून, रात्री १०.२५

थर्माकोलच्या मखरांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे हो! धरमपेठी, महापालिकेच्या कोरड्या कचऱ्यात द्या, तुकडे करू नका, पोत्यांची तोंडं बांधा. पावसाच्या आत.

धरमपेठी | ९ जून, रात्री १०.४०

गाडी गुरुवारी येते. तोवर पोत्यांवर बाबांची आरामखुर्ची टाकलीय, वाऱ्याने उडू नयेत म्हणून.